मानेचा नकाशा

आपल्याच हनुवटीला एवढा भिऊन जगलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आमच्या सासऱ्यांबद्दल हे मी कुठेही, कुणाच्याही समोर सांगायला तयार आहे. शहापूरला जंगल खात्याच्या कचेरीत ते कारकून होते. तानसाच्या रानात वाघाने बैल मारल्याची वर्दी आली तरी हातातला टाक खाली न ठेवता ती वहीत उतरवून घेणारा हा माणूस. पण सकाळी आरशात कंठाखाली एक लाल ठिपका दिसला की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. ठिपक्यावर बोट ठेवून ते आधी खिडकीशी जात, तिथून अंगणात, अंगणातून परत आरशाशी, आणि शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सासूबाईंना विचारत, "कालच्यापेक्षा मोठा आहे का गं?" सासूबाई भाकरी थापता थापता मान वर न करता सांगत, "तेवढाच आहे." "न बघता कसं सांगतेस?" "वीस वर्षं बघतेय," त्या म्हणत, आणि भाकरी तव्यावर टाकत.

यात त्यांचा दोष काहीच नव्हता. त्यांच्या दाढीचे केस राठ आणि कुरळे. वस्तऱ्याने कापले की त्यांना टोक येई आणि वाढताना बाहेर यायचं सोडून ते वळून परत कातडीत शिरत. मग तिथे पुटकुळी, पुटकुळीचं केसतूड, त्याची आग, आणि दोन दिवस मान वळवायची सोय नाही. "इतरांचे केस वाढतात, माझे घरी परत येतात," असं ते अगदी गंभीरपणे सांगत. ऐकणाऱ्याला हसू येई आणि त्यांना त्याचं नवल वाटे. आपण एवढी काळजीची गोष्ट सांगतोय आणि लोकांना दात काढायला सुचतंय कसं, असा भाव चेहऱ्यावर. मीही पुष्कळ हसलोय. पण याच हनुवटीपायी माझं लग्न मोडता मोडता राहिलंय, तेव्हा मला हसायचा जरा जास्त हक्क आहे.

या दुखण्यावर त्यांनी स्वतःच्या अकलेने एक पद्धत बसवली होती, आणि ती गावाच्या रीतीच्या बरोबर उलटी होती. सगळं जग आधी हजामत करतं आणि मग आंघोळ. न्हाव्याचा हात लागला की आंघोळ केल्याशिवाय कशाला शिवायचं नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आमचे मामा (सासऱ्यांना मी मामाच म्हणायचो) आधी कढत पाण्याने आंघोळ करत, मग त्याच पाण्यात पिळलेला पंचा गालांवर आणि गळ्यावर धरून बसत, मग हजामत, आणि रीत मोडायला नको म्हणून वर पुन्हा एक आंघोळ. "केस भिजून भातासारखा मऊ झाला पाहिजे, म्हणजे वस्तऱ्याला जोर लागत नाही," हे त्यांचं म्हणणं. "यांच्या एका हजामतीत म्हैस न्हाऊन निघेल," हे सासूबाईंचं. तोवर धर्मा न्हावी ओट्यावर धोकटी उघडून, वस्तरा पट्ट्यावर दहादा घासून, पानाचा दुसरा विडा जमवत बसलेला असे.

मग धर्माची परीक्षा सुरू होई. कातडी ताणायची नाही, कारण सोडल्यावर कापलेला केस आत जाऊन बसतो. दाबायचं नाही. एका जागेवरून दोनदा फिरायचं नाही. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे उलटा हात मारायचा नाही. केस ज्या अंगाला झोपतो त्याच अंगाला वस्तरा गेला पाहिजे. आता केस कुठल्या अंगाला झोपतो हे धर्माला कसं कळावं? तर मामांनी कचेरीतल्या बाद झालेल्या नकाशाच्या पाठीवर स्वतःच्या मानेचा नकाशा काढला होता. रानातले ओहोळ दाखवतात तशा बारीक निळ्या रेघा आणि प्रत्येक रेघेला बाण. "उजवीकडचे सगळे सरळ खाली उतरतात रे धर्मा. डावीकडचे कानाखालून निघतात आणि मधेच सिद्धगडाकडे वळतात. तिथे सांभाळ." धर्माला अक्षर येत नव्हतं, पण बाण कळत. तो नकाशा गुडघ्यावर पसरून एक हात मारी, नकाशा बघी, दुसरा हात मारी. झाल्यावर गार पाण्याचे हबके, पंचाने पुसायचं नाही, नुसता टेकवायचा, आणि तुरटी लावलीच तर लहान मुलाला तीट लावावी तेवढी. पुढचे दोन दिवस वस्तऱ्याचं नाव नाही. तरीही एखादा केस आत गेलाच, तर उकळत्या पाण्यातून काढलेल्या सुईने त्याचं टोक तेवढं सोडवायचं. उपटायचा नाही. "उपटला की सूड घेतो," असं सांगताना त्यांचा आवाज खाली येई.

हे ज्ञान स्वतःपुरतं ठेवलं असतं तर ते मामा कसले. वाडीवरून मध घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हनुवटीवर मोजून दहा केस होते. मामा मधापेक्षा त्याच्या हनुवटीकडेच बघत राहत, आणि तो गेल्यावर "नशीब एकेकाचं" म्हणून उसासा टाकत. एकदा मोठे साहेब दौऱ्यावर आले. सगळी कचेरी हात बांधून उभी. मामांनी सहीसाठी कागद पुढे केला आणि साहेबांची सही चालू असताना हळूच म्हणाले, "साहेबांनी उलटा हात बंद करावा." साहेबांनी वर पाहिलं. हेडक्लार्कला घाम फुटला. मामांनी आपल्या गळ्यावर बोट ठेवून साहेबांच्या गळ्याकडे खूण केली. त्या रात्री नोकरी गेली या खात्रीने त्यांनी घरी निरवानिरव केली म्हणे. सहा महिन्यांनी साहेब पुन्हा आले तेव्हा "ते हजामतवाले कारकून कुठे आहेत" असं विचारत आले.

तर आता माझ्या लग्नाचं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मी मुरबाडला शाळामास्तर होतो. वडील नव्हते, घरात शब्द काकांचा. माझे काका भातशेती करणारे, अंगाने आडवे, आणि सोयरिकीच्या बाबतीत त्यांचं एक शास्त्र होतं. मुलगी ते बघतच नसत, मुलीचा बाप बघत. "पोरीला काय, पावडर फासून बसवतात. बापाच्या तोंडाला कोण पावडर लावतो? रगत कसं हाय ते बापाच्या कातडीवर दिसतं." या शास्त्रावर त्यांनी माझी दोन स्थळं मोडली होती. एका बापाच्या घोट्यावर इसब होतं. दुसरा बोलता बोलता पाठ खाजवत होता, बस्स. शहापूरचं स्थळ तिसरं. मुलीचा फोटो मी चोरून पाहिला होता आणि ते तिसरं स्थळ मोडलं तर चौथं बघायला मी जिवंत राहणार नाही असं तेव्हा मला मनापासून वाटत होतं.

काकांच्या या शास्त्राची बातमी मध्यस्थाने शहापूरला आधीच पोचवली, आणि मामांची झोप उडाली. एकुलती एक मुलगी, आणि तिचं लग्न आता आपल्या मानेवर अवलंबून. पाहुणे रविवारी सकाळी येणार. त्यांचा वर्षानुवर्षांचा हिशेब असा की फोड तिसऱ्या दिवशी पुरते वर येतात आणि सहाव्या दिवशी बसतात. म्हणजे एक तर सोमवारीच उरकून घ्यायचं, नाहीतर थेट रविवारी पहाटे, पाहुणे यायच्या दोन तास आधी. सोमवारी शंकराचा उपास, त्या दिवशी ते वस्तरा लावत नसत. रविवार ठरला. धर्माला तीनदा सांगून झालं. पाण्याचा हंडा वेगळा काढून ठेवला.

पण गुरुवारी दुपारी वाशिंदहून त्यांची थोरली बहीण कार्यासाठी येऊन दाखल झाली. विधवा, कडक, आणि भावाला अजून झबल्यातला समजणारी. तिने रविवारचा बेत ऐकला आणि कपाळावर हात मारून घेतला. "सोयरे यायच्या दिवशी दारात न्हावी? आणि आंघोळ झाल्यावर हजामत? सोयरीक जुळवायची आहे का मोडायची? उद्या अवस, परवा शनवार. आजच्या आज उरक." मामांनी पुष्कळ सांगून पाहिलं. हिशेब सांगितला, नकाशा दाखवला. तिने तो नकाशा चुलीत घातला. मग न भिजवलेला, न शेकलेला चेहरा घेऊन मामा ओट्यावर बसले, विहिरीच्या गार पाण्याने फेस झाला, आणि बहीण धर्माच्या डोक्यावर उभी राहिली. "तुळतुळीत कर रे मेल्या. भाचीची सोयरीक हाय माझ्या. हात फिरवला तर माशी घसरली पाहिजे." धर्मा कुणाला भीत नसेल तेवढा त्या बाईला भ्यायला. त्याने एक हात सुलटा मारला, आणि मामांनी डोळे मिटले तेव्हा दुसरा उलटा. "तो खर्र आवाज मी जन्मात विसरणार नाही," मामा मला नंतर सांगत, आणि सांगताना दर वेळी गळ्यावर हात जाई.

त्याच सुमारास मुरबाडला मी काय करत होतो ते सांगायला लाज वाटते. मुंबईच्या एका मित्राने मला नवीन सेफ्टी रेझर दिला होता. मुलीसमोर देखणं दिसावं म्हणून त्या आठवड्यात मी रोज दाढी केली, रोज खालून वर, रोज आदल्या दिवशीच्या फोडांवरून. शनिवारी सकाळी काकांबरोबर बैलगाडीत बसलो तेव्हा माझ्या गळ्याची आग आग होत होती. काकांना दिसू नये म्हणून बंद गळ्याच्या कोटाचं वरचं बटण लावून घेतलं होतं. वैशाखाचं ऊन, सरळगावापासून किन्हवलीपर्यंत फुफाटा, कॉलरखाली घाम, आणि घामाचं मीठ फोडांत. काका वाटेत सारखे म्हणत होते, "बाप नीट बघायचा." मी मान हलवत नव्हतो, हलवली की कॉलर घासे. रात्री किन्हवलीला मुक्काम केला तरी बटण काढलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही ओट्यावर टेकलो आणि मामा बाहेर आले. त्या उन्हाळ्यात त्यांनी गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळला होता, कानांपर्यंत. कपाळावरून धारा चालल्या होत्या. पाणी झालं, गूळ झाला, पिकापाण्याच्या गप्पा झाल्या. काकांची नजर मफलरवरून हलेना. शेवटी ते म्हणाले, "पाहुणं, ह्या उन्हाचा मफलर? कायतरी दुखतंय काय?"

माजघराच्या दाराआडून बहिणीने हातानेच गळा दाखवून खूण केली की घसा म्हण, घसा. मला ती खूण दिसली. मामांनाही दिसली. "घसा," ते म्हणाले आणि थांबले. पुढचं खोटं काही त्यांच्या तोंडून येईना. मग एकदम, "नाही. घसा नाही. हजामत," म्हणाले आणि मफलर सोडून मांडीवर ठेवला.

भाजलेल्या पापडावर येतात तसे फोड, हनुवटीपासून छातीच्या हाडापर्यंत. काकांनी एकदा पाहिलं, टोपी उचलली आणि मला म्हणाले, "ऊठ रे. गाडी जुंपायला सांग." मला उठवेना. आत बांगड्या वाजल्या आणि गप्प झाल्या. मामा काकांना अडवतील, हात जोडतील, असं मला वाटलं. पण ते काकांकडे बघतच नव्हते. ते माझ्या कॉलरकडे बघत होते. पांढऱ्या कॉलरच्या कडेला रक्ताचा एक थेंब उमटला होता.

ते जवळ आले. "मास्तर, वरचं बटण काढा."

"अं?"

"काढा हो. जळतंय ना?"

जळत तर होतंच. दोन दिवसांत मला हे विचारणारा तो पहिला माणूस. मी बटण काढलं. मग ते सोयरीक विसरले, काकांना विसरले, स्वतःच्या मानेलाही विसरले. माझी हनुवटी दोन बोटांनी उजेडाकडे वळवून विचारत सुटले. कधी केली? रोज? खालून वर? पाणी गार? "अरेरे, किती हाल करून घेतलेत," म्हणाले, आणि खरंच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आत वळून त्यांनी हाक मारली, "गरम पाणी आण गो, आणि धुतलेला पंचा." पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. एका हातात पातेलं आणि दुसऱ्यात पंचा घेऊन, पदर खोचलेला, घाबरीघुबरी अशी मुलगी बाहेर आली. माझी बायको मी पहिल्यांदा पाहिली ती अशी, गळ्याला शेक घेत, तिरक्या मानेने.

काका टोपी हातात धरून अर्धे उभे होते. त्यांच्यासमोर दोन माना शेजारी शेजारी होत्या आणि दोन्ही सारख्याच. बराच वेळ त्यांनी या मानेवरून त्या मानेवर नजर फिरवली. "आमच्या घरात रगताचा दोष नाय," ते शेवटी म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"दोष रक्ताचा नाही, हाताचा आहे," मामा पंचा पिळत म्हणाले. "उलटा हात मारला की राजालाही होतं."

"म्हंजे पोरीला..."

"मुलीला दाढी नाही," मामा म्हणाले. ते थट्टा करत नव्हते, शंकेचं निरसन करत होते. काका खाली बसले. त्याच दुपारी सुपारी फुटली. निघताना काकांनी मला बाजूला घेऊन, मामांना विचार, मला जांघेत होतं त्याला काय करायचं, असं सांगितलं. ते मी विचारलं नाही.

लग्न झालं आणि माझी मान मामांच्या ताब्यात गेली. पहिल्या दिवाळसणाला त्यांनी मला अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवलं, अर्धा तास गळ्यावर बोटं फिरवली आणि कसल्याशा कागदावर काहीतरी लिहीत राहिले. मला वाटलं कचेरीचं काम असेल. मग पत्रं सुरू झाली. "मानेची प्रकृती कळवणे" असं वर, आणि मुलीची खुशाली खाली. मी दाढी केली की तिसऱ्या दिवशी कार्ड गेलंच पाहिजे, नाहीतर ते कचेरीत कामाला लागत नसत. मुरबाडचा पोस्टमन ती कार्डं वाचायचा आणि भर बाजारात विचारायचा, "मास्तर, मान कशी हाय?" लढाईत विलायती पाती मिळेनाशी झाली तेव्हा त्यांनी एका फडक्यात गुंडाळून काचेचा पेला पाठवला, आत पातं घासून धार कशी लावायची त्याच्या सूचनांसह. मी वैतागायचो. शाळेत पोरांची परीक्षा, घरात आजारपण, आणि ह्यांचं काय तर मान. एकदा कंटाळून मी दोन महिने कार्ड टाकलं नाही, तर मामा बैलगाडीने दिवसभराचा रस्ता करून आले, दारातच माझी हनुवटी वर करून बघितली, "ठीक आहे" म्हणाले आणि पाणी मागितलं. त्या दिवशी मला स्वतःची शरम वाटली.

लढाई संपली त्या वर्षी मामा गेले. तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत आटोपलं. मुलगा नव्हता, पुतण्या नव्हता, क्रियेला मी बसलो. दहाव्याला नदीकाठी धर्मा आला, केस पांढरे झालेला. माझं डोकं, मिशी, दाढी सगळं उतरवायचं होतं. मी गार पाण्यासाठी मान पुढे केली तर धर्माने कांबळ्यात गुंडाळलेली कळशी काढली आणि पंचा बुडवून माझ्या गळ्याला लावला. चांगला कढत होता. भटजी बघतच राहिले. "अरे, दहाव्याच्या क्षौराला ऊन पाणी कुणी सांगितलं तुला?"

"सायबांचा हुकूम हाय."

"कुठल्या साहेबांचा?"

धर्माने पिंडाकडे हात केला.

मग त्याने धोकटीच्या तळातून एक घडी घातलेला कागद काढला आणि गुडघ्यावर पसरला. नकाशाच्या पाठीवर बारीक निळ्या रेघा, प्रत्येकीला बाण. डावीकडचे बाण मधे सिद्धगडाकडे वळत नव्हते. ती मामांची मान नव्हती. माझी होती.

"गेल्या पावसाळ्यात दिला," धर्मा म्हणाला. "म्हनले, माझ्या दहाव्याला जावयबापू बसतील. त्यांना रडू येईल, ते काय सांगायचे नाय, तवा तूच बघ. पानी गरम ने. आन एकदा मारलास तो मारलास, आता उलटा हात नको." त्याने वस्तरा पालथ्या हाताने पुसला. "त्या टायमाचं माझ्या मनातनं जात नाय, जावयबापू. मान वर करा. ओढत नाय मी." मी मान वर केली. मला रडू आलंच, आणि मी डोळे पुसेपर्यंत त्याने हात थांबवला, मग पुन्हा नकाशा बघून एकेक हात मारत राहिला, सगळे सुलटे.

तेराव्याच्या सकाळी, म्हणजे बरोबर त्या तिसऱ्या दिवशी, मी त्यांच्या आरशात बघितलं. खिडकीशी गेलो, अंगणात गेलो. गळा स्वच्छ होता, एकही फोड नाही. मी आत येऊन फडताळातून पोस्टकार्ड काढलं, टाक घेतला आणि नेहमीसारखा आधी पत्ता लिहिला, शहापूरचा. तो लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी त्याच घरात बसलोय. बायको दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं आणि काही न विचारता जवळ येऊन माझ्या गळ्यावरून हलकेच बोट फिरवलं, वरून खाली.

"ठीक आहे," ती म्हणाली. मी ते कार्ड शाई वाळेपर्यंत हातात धरून बसलो.